लोभ असावा, ही विनंती

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य नाटक-सिनेमाबाहेर किती जणांच्या तोंडून निघतं? कट्ट्यावरची मुलं ‘आय लव्ह यू’ म्हणून मोकळी होतात. त्यांच्या आजी-आजोबांनी बहुधा यातलं काहीच कधी म्हटलेलं नसतं. आणि ज्यांना मराठीतच म्हणायचं असतं, ते ‘तू मला आवडतेस’वर थांबतात. या प्रकाराला मराठी माणसाचा संकोच म्हणायची रीत आहे. संकोच असेलही, पण त्यात थोडा हात व्याकरणाचाही आहे.

‘तू मला आवडतेस’ या वाक्यात कर्ता ‘तू’ आहे. बोलणारा चतुर्थीत, बाजूला उभा. आवडणं तो करत नाही, ते त्याला होतं. जसं दिसतं, सुचतं, आठवतं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’मध्ये तर दोघांपैकी कोणीच कर्ता नाही, कर्ता प्रेमच. मराठीत प्रेम बसतं, जडतं, जुळतं, उतू जातं आणि आटतंही. ‘प्रेम करणं’ आपण म्हणतो, पण हात घालून करायच्या कामांच्या रांगेत ते जरा अवघडूनच उभं राहतं. शिवाय तो ‘वर’ बघा. राग तुझ्यावर, विश्वास तुझ्यावर, भरवसा तुझ्यावर, उपकार तुझ्यावर, जबाबदारीही तुझ्यावर. ज्याच्यावर हे सगळं येऊन पडतं, त्याला पेलवतंय का, हे वाक्य विचारत नाही.

खरं प्रेम कोणतं, हा प्रश्न आज सल्ल्याच्या सदरांपासून समुपदेशकाच्या खोलीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. उत्तरं माणसं देतात. शब्दांना कोणी विचारत नाही. त्यांनाच थोडं बोलतं करू.

सुरुवात ‘प्रेम’पासून. हा शब्द दिसतो कोवळा, पण त्याची घडण अगदी शिस्तीची आहे. गुरूचं गुरुपण ती गरिमा, लघूचं लघुपण ती लघिमा, अणूचं अणुपण ती अणिमा. तसं प्रियाचं प्रियपण ते प्रेम. ‘प्रिय’ला हा भाववाचक प्रत्यय लागला की त्याचा नुसता ‘प्र’ उरतो, असं पाणिनीने सूत्र घालून सांगितलं आहे. म्हणजे मुळात प्रेम हा समोरच्या माणसाचा गुण: त्याचं प्रिय असणं. ‘प्रेमा’ हे मुलीचं नाव संस्कृतात चक्क पुल्लिंगी रूप आहे, ‘महिमा’सारखं. महाराष्ट्री प्राकृतात याच शब्दाचं ‘पेम्म’ झालं. हालाच्या ‘गाथा सप्तशती’त ते भेटतं. ‘कर्म’चं ‘कम्म’ आणि ‘काम’ झालं, त्या चालीने आपल्याकडे ‘पेम’ नांदायला हवं होतं. आजच्या मराठीत ते नाही. आपण संस्कृत रूपच पुन्हा घरात घेतलं, आणि शतकानुशतकं ते कानावर पडलं ते अभंग-कीर्तनातून, विठ्ठलाच्या संदर्भात. देवापुढे वापरायचा शब्द बायकोपुढे वापरताना जीभ अडखळली तर नवल नाही.

‘प्रिय’ची दोन अपत्यं मराठीत रोजच्या वापरात आहेत आणि त्यांच्यात मोठी विषमता आहे. ‘प्रेयस्’ म्हणजे अधिक प्रिय. कठोपनिषदात श्रेयस आणि प्रेयस अशा दोन वाटा सांगितल्या आहेत, त्यातला हा शब्द. त्याचं स्त्रीलिंग ‘प्रेयसी’. तिचा जोडीदार मात्र ‘प्रेयस’ नव्हे, तर ‘प्रियकर’: प्रिय ते करणारा. ती फक्त प्रिय असते, करायचं ते तो करतो. एका जोडीतल्या दोन शब्दांनी कामाची वाटणी किती साळसूदपणे करून टाकली आहे! हल्लीच्या मुलामुलींनी हे दोन्ही शब्द वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तांसाठी सोडून दिले आणि ‘पार्टनर’ किंवा ‘जोडीदार’ घेतला, तो त्याला आणि तिला एकच. मला हा बदल भाषेचा ऱ्हास वाटत नाही.

‘प्रिय’च्या मुळाशी ‘प्री’ हा धातू आहे. त्याचे दूरचे नातेवाईक युरोपात आहेत. इंग्रजीतला ‘फ्रेंड’ त्याच मुळातला, आणि ‘फ्री’सुद्धा. ‘फ्री’चा जुना अर्थ प्रिय, आपला. घरात दोन प्रकारची माणसं असायची, आपली आणि गुलाम. जी आपली ती स्वतंत्र. अशा रीतीने प्रिय असण्यातून मोकळं असणं निघालं. लग्नानंतर ‘तिला आम्ही पूर्ण मोकळीक दिली आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांनी हा प्रवास एकदा नजरेखालून घालावा. जी प्रिय आहे तिला मोकळीक द्यावी लागत नाही, ती त्या शब्दातच आहे.

इंग्रजी ‘लव्ह’चं नातं मात्र ‘प्री’शी नाही. ते आपल्या ‘लोभ’शी आहे. संस्कृत ‘लुभ्’, जर्मन ‘लीबं’, इंग्रजी ‘लव्ह’ ही एकाच घराण्यातली भावंडं. संस्कृतात या धातूला हाव आणि भूल असे दोन्ही अर्थ चिकटले, आणि लोभ षड्रिपूंच्या रांगेत तिसरा जाऊन बसला. इंग्रजीत त्याच मुळातून दोन विलक्षण शब्द निघाले. एक ‘बिलीव्ह’, म्हणजे विश्वास ठेवणं. दुसरा ‘लीव्ह’, पण सोडून जाण्याचा नव्हे, तो वेगळ्या मुळाचा. कचेरीत रजेसाठी अर्ज करतो तो ‘लीव्ह’. त्याचा मूळ अर्थ परवानगी. म्हणजे एका घराण्यात हाव, प्रेम, विश्वास आणि परवानगी असे चौघे नांदतात. प्रेमाबद्दलचं एखादं जाड पुस्तकही याहून फार वेगळं काही सांगणार नाही.

आणि मराठीने ‘लोभ’चं काय केलं? रिपू म्हणून ठेवलाच, लोभी माणसाला नावं ठेवलीच. पण बाळाचं रूप ‘लोभस’ ठरवलं आणि पत्राच्या शेवटी लिहिलं, ‘लोभ असावा, ही विनंती’. हजारो पोस्टकार्डांवर हे इतक्या सवयीने लिहिलं गेलं की त्यातली करामत लक्षात येत नाही. लोभ म्हणजे हवंसं वाटणं. पण इथे लिहिणारा स्वतःचा लोभ जाहीर करत नाही, तो समोरच्याचा मागतो. तोही ‘आहेच’ असं गृहीत धरून नव्हे. ‘असावा’ हा विध्यर्थ आहे, इच्छेचा. त्यावर पुन्हा ‘ही विनंती’. समोरच्याने नाही म्हणायची सोय वाक्याच्या रचनेतच ठेवलेली. मूळची हाव विनंतीच्या रूपात आली आणि सभ्य झाली. खरं प्रेम कोणतं याचं मराठीतलं सर्वांत नेमकं उत्तर मला या पोस्टकार्डी मजकुरात दिसतं: हवंसं वाटणं आहेच, पण ते विनंतीच्या अंगाने.

विनंती नसली की काय होतं ते दुसऱ्या एका शब्दात दिसतं: ‘एकतर्फी’. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला’ हा मथळा आपण इतक्यांदा वाचतो की तो हवामानाच्या बातमीसारखा वाटू लागला आहे. ‘तर्फ’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला. ‘एकतर्फी’ हा खास कोर्टकचेरीतला शब्द. प्रतिवादी हजर नसताना, त्याचं म्हणणं न ऐकता दिलेला निकाल तो एकतर्फी निकाल. त्या कोर्टातही असा निकाल रद्द करून घेण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेने ठेवली आहे, कारण एका बाजूचंच ऐकणं हा अपुरा न्याय आहे हे कायद्याला कळतं. मथळ्यातल्या ‘एकतर्फी प्रेमा’त मात्र मुलीचं म्हणणं न ऐकताच निकाल लागलेला असतो, अंमलबजावणीही होते, आणि वर त्याला आपण प्रेम म्हणतो. ज्याला दंड संहितेत 2013 पासून ‘पाठलाग’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा मानलं गेलं आणि 1 जुलै 2024 पासून जो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे, त्याला पाठलागच म्हणावं. मनातल्या मनात झुरणाऱ्या, कोणाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसाचं प्रेम एकतर्फी असू शकतं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ॲसिडच्या बाटलीवर प्रेमाचं लेबल लावण्याबद्दल. मराठी वृत्तसंपादकांनी हा मथळा निकालात काढला तर भाषेवर उपकार होतील.

‘स्नेह’ हा शब्द त्या मानाने किती शांत! संस्कृतात स्निह् म्हणजे तेलकट, चिकट, ओलं असणं. आयुर्वेदात तूप, तेल, वसा, मज्जा हे चार स्नेह. अंगाला तेल चोळणं ते स्नेहन. न्यायशास्त्राचा पहिला धडा ज्या ‘तर्कसंग्रहा’त गिरवतात, त्यात अन्नंभट्टाने स्नेहाची व्याख्या केली आहे ती अशी की, सुट्या पिठाचा ज्याच्यामुळे गोळा होतो तो गुण म्हणजे स्नेह; आणि हा गुण फक्त पाण्यात असतो. पंडिताने ही व्याख्या माणसांसाठी केलेली नाही, पण मराठीने ती न वाचताच पाळली आहे. नात्यात आपण ‘ओलावा’ शोधतो, तो नसला की माणूस ‘कोरडा’ ठरतो, आणि भांडणानंतर एखाद्याच्या मनाला ‘पाझर फुटतो’. कणीक मळताना पाणी किती घालायचं हे हाताला कळावं लागतं: कमी पडलं तर पीठ भुरभुरतं, जास्त झालं तर हाताला चिकटतं आणि पोळी लाटता येत नाही. दिवसातून चाळीस वेळा ‘कुठे आहेस’ विचारणारा मोबाइल हा जास्तीच्या पाण्याचा प्रकार.

चिकटण्याचा अतिरेक कुठवर जातो हे ‘इश्क’ सांगतो. अरबी कोशकारांच्या परंपरेत त्याचा संबंध एका वेलीशी जोडतात. ती झाडाला विळखा घालते आणि शेवटी झाड वाळवते. पेशवाईतल्या शाहिरांनी तो ‘इष्क’ करून लावणीत आणला, आणि मराठीत तो तिथेच राहिला: फडावर, रात्री. संसारात कोणी त्याला बोलावलं नाही. ‘यार’चं उलट झालं. शंभर वर्षांपूर्वी ‘तिचा यार’ म्हटलं की गावभर कुजबुज व्हायची. आज मुली एकमेकींना ‘अगं यार’ म्हणतात आणि आईच्या कपाळावर आठी चढत नाही.

चिकटण्याचाच आणखी एक धातू आहे, ‘लग्’. त्याचं भूतकालवाचक विशेषण ‘लग्न’, म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. ज्योतिषात ते पूर्व क्षितिजाला लागलेल्या राशीचं नाव झालं, त्यावरून मुहूर्ताचं, आणि मुहूर्तावरून विधीचं. ‘जिवलग’मधला ‘लग’ही तोच: जिवाला लागलेला. ‘लगट’ तीच आणि ‘लगेच’ही तेच. एका धातूतून जिवलग, लग्न आणि लगट निघावेत आणि तिन्हींची सामाजिक प्रतिष्ठा इतकी निराळी असावी, ही मौज आहे.

पण खरी गंमत लग्नाबरोबर येणाऱ्या क्रियापदांत आहे. मांडवात लग्न ‘लागतं’, गुरुजी ते ‘लावतात’. त्याआधी ते ‘ठरतं’ किंवा ‘जमतं’. आयुष्य बदलून टाकणाऱ्या या घटनेत वधूवरांसाठी कर्तरी क्रियापद जवळजवळ नाहीच. पण रजिस्टर लग्न कोणी ‘लागलं’ म्हणत नाही. ते ‘केलं’ म्हणतात. पळून जाऊनही ‘केलं’च. हा फरक कायद्यातही आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस संपल्यावर, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांच्या समोर, दोघांनी एकमेकांना उद्देशून स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं की मी तुझा स्वीकार करतो, मी तुझा स्वीकार करते. दोघांचा आवाज निघाल्याशिवाय लग्न होत नाही. महाराष्ट्रात ही कल्पना त्याहून जुनी. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू गप्प उभी राहत नाही. ती स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडे शब्द मागते आणि त्याला तो द्यावा लागतो. ‘संमती’ म्हणजे सम् आणि मती, एकत्र केलेला विचार. एकाने विचार केला आणि दुसऱ्याने मान डोलावली, तर ती व्युत्पत्तीच्या हिशेबाने संमती नव्हे.

आता ‘काम’. मराठीत हे दोन वेगळे शब्द एकाच वेशात फिरतात. कामदेव, कामना यांतला ‘काम’ हा ‘कम्’पासूनचा, इच्छा. ‘कामाला लाग’मधला ‘काम’ हा ‘कर्म’चा ‘कम्म’ होऊन आलेला. उगमाने परके, उच्चाराने जुळे. प्रेमाच्या गोष्टी पहिल्या कामावर रंगतात आणि लग्नानंतर दुसऱ्यावर अडतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता आणि ती करणाऱ्या पुरुषांचा 97. पुरुषांतले बरेच जण तर या हिशेबात धरलेलेच नाहीत, कारण त्यांनी त्या दिवशी घरकाम केलंच नाही. दोघंही नोकरी करतात, दोघांचंही एकमेकांवर प्रेम आहे, आणि रात्री साडेनऊला ओट्यावरची कढई कोणी घासायची यावर आवाज चढतो. अशा घरात प्रेम आटलं असं म्हणू नये. पहिल्या कामाचं बोलणं झालेलं असतं, दुसऱ्याचं राहिलेलं असतं.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत मराठी वाटणारा शब्द ‘माया’. वेदांत्यांची माया म्हणजे भ्रम, जगाचा देखावा. व्यवहारात ‘बरीच माया जमवली’ म्हणजे पैसा, तोही बहुधा वरकमाईचा. आणि ‘पोरीवर फार माया’ म्हणजे निखळ वात्सल्य. भ्रम, पैसा आणि वात्सल्य यांना एकच शब्द देणारे लोक भाबडे तर नक्कीच नसणार. पण या शब्दाचा चौथा अर्थ शिंप्याकडे मिळतो. ब्लाउज शिवताना बाजूच्या शिवणीत आतल्या अंगाला अर्धा-पाऊण इंच कापड जास्तीचं सोडतात, ती माया. ‘माया ठेवा हं’ असं बायका बजावून सांगतात. बाहेरून ती दिसत नाही, मापात धरली जात नाही. बाळंतपणानंतर अंग भरलं की आतली टीप उसवायची, ब्लाउज तेवढा सैल होतो आणि पुन्हा अंगात येतो. माया न ठेवता बेतलेलं कापड पहिल्या दिवशी अंगावर सुरेख बसतं, पण माणूस जरा बदलला की टरकतं. पंचविशीत निवडलेला जोडीदार पस्तिशीत तोच राहत नाही. नोकरी बदलते, गाव बदलतं, मतं बदलतात, शरीरही बदलतं. नातं आजच्या मापाने बेतताना आत किती सोडलं आहे, यावर पुढचं ठरतं.

राहिला प्रश्न ‘खरं’चा. संस्कृत ‘सत्य’ हे ‘सत्’पासून आलेलं, म्हणजे जे आहे ते. मराठी ‘खरा’ त्या घरातला नाही. त्याचा संबंध ‘खर’शी लावतात, म्हणजे कठीण, टणक. बाजारात खरं-खोटं नाणं पारखीने वाजवून पाहायचं, सोनं कसोटीवर घासायचं. म्हणजे ‘सत्य’ हे असतं, पण ‘खरं’ हे ठरतं, आणि ठरतं ते वापरात आल्यावर. म्हणून ‘हे खरं प्रेम आहे का?’ असा प्रश्न दुसऱ्या भेटीत विचारला, तर मराठी शब्दाच्या हिशेबाने त्याला उत्तरच नाही. नाणं अजून कुठे चाललेलंच नाही.

तोपर्यंत काय म्हणायचं, याचीही सोय भाषेत आहे. नाव नसलेल्या नात्याला मुलं आता ‘सिच्युएशनशिप’ म्हणतात आणि वडीलधाऱ्यांना हा फार नवा प्रकार वाटतो. पण ‘त्यांचं काहीतरी चालू आहे’ हे वाक्य वाड्या-चाळींत पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं आहे. ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, हे तेव्हाही कोणाला ठाऊक नसे, बऱ्याचदा त्या दोघांनाही. पुढे एक दिवस ‘त्यांचं जमलं’ अशी बातमी येते. ‘जमणं’ अरबी ‘जमा’मधून आलेलं: गोळा होणं, एकत्र येणं. ‘जमलं’ हा भूतकाळ, एका दिवसाची घटना. तिचे फोटो निघतात, पेढे वाटले जातात, सिनेमे तिथेच संपतात. पण याच क्रियापदाचं दुसरं रूप मराठी माणूस लग्नाला वीस-वीस वर्षं झालेल्या जोडप्यांसाठी राखून ठेवतो: ‘त्यांचं छान जमतं’. हा वर्तमानकाळ आहे, रीत सांगणारा. तो कालच्या दिवसाबद्दल बोलतो, आजच्या आणि उद्याच्याही. ‘जमलं’ कोणाचंही होतं. ‘जमतं’ म्हणवून घ्यायला मात्र विनंती रोज नव्याने करावी लागते, आणि समोरून कधी ‘नाही’ आलं तर तेही ऐकून घ्यावं लागतं.